डावा पाय जड, उजवा पाय बधिर: मज्जारज्जूतले मार्ग नेमके कुठे बाजू बदलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. मज्जारज्जूतले चढते-उतरते मार्ग पाठ आहेत, आडव्या छेदाची आकृतीही काढता येते. पण डाव्या पायात ताकद नाही आणि उजव्या पायाला टाचणी टोचलेली कळत नाही, असा रुग्ण समोर आला की काहीच जुळत नाही. शिवाय मोठ्या मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की उजवं अंग लुळं पडतं, मग लहान मेंदूचा डावा भाग बिघडला की डाव्याच हाताचा नेम का चुकतो?

हे मार्ग नावांच्या क्रमाने शिकल्यामुळे हा घोळ होतो, असं माझं ठाम मत आहे. मार्ग मधली रेषा कुठे ओलांडतो हे आधी पक्कं करा; न्यूक्लियस (पेशींचं केंद्र), लॅमिना (पेशींचा थर), पेडंकल (लहान मेंदूला जोडणारा तंतूंचा जुडगा) नंतर. ओलांडण्याच्या जागेच्या खाली इजा झाली तर लक्षण त्याच बाजूला दिसतं, वर झाली तर उलट बाजूला. चढत्या आणि उतरत्या दोन्ही मार्गांना हा एकच नियम लागू पडतो. फरक फक्त ओलांडण्याच्या जागेत आहे, आणि रुग्णाची अर्धी तपासणी त्या फरकावरच उभी असते.

सुरुवात मागच्या स्तंभापासून, म्हणजे पोस्टीरियर कॉलमपासून करू. कंपन, सांध्याची स्थिती आणि बारकाईचा स्पर्श या वाटेने जातो. पहिली पेशी मज्जारज्जूबाहेर, मागच्या मुळावरच्या गँग्लियनमध्ये, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात असते. तिचा जाड, मायलिनचं (चरबीयुक्त वेष्टनाचं) भरपूर आवरण असलेला तंतू मज्जारज्जूत शिरतो आणि कुठेही न थांबता त्याच बाजूने वर चढतो. साधारण टी6 सेगमेंटच्या (सेगमेंट म्हणजे मज्जारज्जूचा एक टप्पा; सी मानेचा, टी छातीचा, एल कमरेचा, एस नितंबांचा) खालून आलेले तंतू मधल्या रेषेलगतच्या ग्रॅसाइल पट्ट्यात असतात, त्यावरून आलेले बाहेरच्या क्युनिएट पट्ट्यात. पहिला थांबा थेट लंबमज्जेच्या (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला सर्वांत खालचा भाग) खालच्या भागात, ग्रॅसाइल आणि क्युनिएट केंद्रांत. तिथली दुसरी पेशी लगेच मधली रेषा ओलांडते, मीडियल लेम्निस्कस या पट्ट्यातून थॅलॅमसच्या (मेंदूच्या आतलं जाणिवांचं नाकं) व्हीपीएल केंद्रात जाते, आणि तिसरी पेशी इंटर्नल कॅप्सूलच्या (मोठ्या मेंदूच्या आतला तंतूंचा दाट पट्टा) मागच्या भुजेतून पॅरायटल लोबच्या पोस्टसेंट्रल जायरसपर्यंत, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या स्पर्शाच्या पट्टीपर्यंत पोहोचते. म्हणजे मज्जारज्जूत कुठेही इजा झाली तरी कंपन आणि स्थितीची जाणीव त्याच बाजूची जाते. उंच माणसात पायाच्या अंगठ्यापासून लंबमज्जेपर्यंतचा हा एकच तंतू दीड मीटरच्या आसपास लांब असतो. इतक्या लांब तंतूचं पोषण बिघडलं की त्याचं सर्वांत दूरचं टोक आधी कुरकुरतं, म्हणून मधुमेहात किंवा बी12 च्या कमतरतेत बधिरपणा तळपायापासून सुरू होतो.

हा मार्ग तपासताना दोन चुका सर्रास होतात. ट्यूनिंग फोर्क 128 हर्ट्झचाच हवा. कान तपासायचा 512 चा इथे चालत नाही. तो हाडावर टेकवायचा, अंगठ्याच्या सांध्यापासून सुरू करून घोट्यावर, मग गुडघ्यावर. रुग्णाला विचारायचं ‘थरथर जाणवते का’; ‘काही लागतंय का’ असं विचारलं तर नुसत्या दाबालाही तो हो म्हणतो. फोर्क मध्येच हाताने थांबवून थरथर थांबल्याचं त्याला कळतं का ते पाहायचं. दुसरी चूक सांध्याच्या स्थितीची. अंगठा वरून-खालून धरला की बोटांच्या दाबावरूनच दिशा कळते आणि तपासणी खोटी ठरते. अंगठा दोन्ही कडांनी धरायचा, शेजारच्या बोटाला लागू द्यायचा नाही आणि अगदी थोडा हलवायचा. निरोगी माणसाला काही अंशांची हालचालही डोळे मिटून ओळखता येते.

वेदना आणि तापमानाची वाट वेगळी आहे. पहिली पेशी इथेही गँग्लियनमध्येच, पण तंतू बारीक: ए-डेल्टा सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने जाणारे, सी तंतू 0.5 ते 2 मीटर. पायाला ठेच लागल्यावर आधी तीक्ष्ण कळ आणि क्षणभराने जळजळ येते ती या दोन वेगांमुळे. हे तंतू लिसॉरच्या पट्ट्यात एक-दोन सेगमेंट वर-खाली जाऊन मागच्या शृंगात (मज्जारज्जूतल्या करड्या भागाचं मागचं टोक) थांबतात. दुसरी पेशी तिथेच, मध्यनलिकेच्या अगदी पुढून, अँटीरियर व्हाइट कमिशरमधून पलीकडे जाते आणि समोरच्या-बाहेरच्या भागातून स्पायनोथॅलॅमिक मार्ग म्हणून वर चढते. म्हणजे हा मार्ग शिरल्याबरोबर बाजू बदलतो, त्यामुळे मज्जारज्जूतल्या इजेत वेदनेची जाणीव उलट बाजूची जाते, तीही इजेच्या एक-दोन सेगमेंट खालून.

मध्यनलिका फुगली, म्हणजे सिरिंगोमायेलिया झाला, की सगळ्यांत आधी हे ओलांडणारे तंतूच तुटतात. दोन्ही बाजूंचे तुटतात, पण फक्त त्या पातळीवरचे; आधीच ओलांडून बाहेरच्या कडेने चाललेले खालच्या भागाचे तंतू शाबूत राहतात. त्यामुळे खांदे आणि हात यांवर शाल पांघरल्यासारख्या पट्ट्यात वेदना आणि तापमान कळत नाही, स्पर्श मात्र कळतो, पायांना काहीच होत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या बोटांवर न दुखलेल्या चटक्यांचे जुने डाग दिसले, तर टाचणीबरोबर गरम-थंड पाण्याच्या परीक्षानळ्याही काढा. मात्र हातांवरचे असे डाग कुष्ठरोगातही दिसतात. तिथे मज्जारज्जू ठीक असतो, बिघाड त्वचेकडे जाणाऱ्या नसांत असतो. म्हणून कोपराजवळची अल्नर नस जाड झाली आहे का ते चाचपल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

स्पायनोथॅलॅमिक मार्गातली मांडणी प्रत्यक्ष कामात फार उपयोगी पडते आणि तीच शिकवताना घाईने उरकली जाते. त्यात मानेचे तंतू आतल्या बाजूला आणि कंबर-नितंबांचे सर्वांत बाहेर असतात, कारण वर जाताना प्रत्येक नवा तंतू आतून येऊन मिळतो. मागच्या स्तंभात उलट: पायांचे आत, हातांचे बाहेर. बाहेरून दाब आला, उदाहरणार्थ मणक्याच्या क्षयात किंवा मेनिंजिओमात (मज्जारज्जूच्या आवरणाची गाठ), की आधी बाहेरचे तंतू दबतात. बधिरपणा पायांपासून सुरू होऊन दिवसागणिक वर सरकतो. म्हणजे खरी गाठ टी4 ला असताना टाचणी कळेनाशी होते ती रेषा बेंबीपाशी, टी10 ला सापडू शकते. इजा किमान इतक्या उंचीवर आहे एवढंच ती रेषा सांगते, त्यापेक्षा जास्त नाही. उलट, मज्जारज्जूच्या आतून वाढणाऱ्या गाठीत सर्वांत बाहेरचे नितंबांचे तंतू शेवटपर्यंत टिकतात. म्हणून गुदद्वाराभोवतीची टाचणी संकोचापोटी टाळू नका. तिथली जाणीव शाबूत आहे की गेली आहे यावरून गाठ आत आहे की बाहेर याचा अंदाज येतो, आणि अपघातात इजा पूर्ण की अपूर्ण हेही तिथेच ठरतं.

इथेच सर्वांत महागात पडणारी चूक सांगून टाकतो. प्रौढ माणसात मज्जारज्जू एल1 मणक्याच्या खालच्या कडेपाशी संपतो. त्याखाली फक्त मुळांचा झुपका असतो. पाय ओढत चालणाऱ्या, स्नायू ताठ झालेल्या, गुडघ्याचा झटका (हातोडी मारल्यावर आपोआप होणारी हालचाल) जोरात येणाऱ्या रुग्णाचा फक्त कमरेचा एमआरआय काढला जातो. पन्नाशीनंतर एल4-5 किंवा एल5-एस1 ला चकती थोडीफार सरकलेली दिसतेच, आणि सगळा दोष तिच्या माथी जातो. पण तिथे दबतात ती मुळं, आणि मूळ दबलं की पाय सैल पडतो, झटका कमी होतो. ताठ पाय आणि तळवा ओरखडल्यावर वर जाणारा अंगठा कमरेची चकती देऊच शकत नाही. एमआरआय मानेचा आणि पाठीचा हवा, शक्यतो संपूर्ण मणक्याचा. आणखी एक हिशोब जवळ ठेवा: मणक्याचा आकडा आणि मज्जारज्जूच्या सेगमेंटचा आकडा जुळत नाही. मानेत मणक्याच्या आकड्यात एक मिळवायचा, छातीच्या वरच्या भागात दोन, टी7 ते टी9 दरम्यान तीन. टी12 आणि एल1 मणक्यांच्या मागे नितंबांचे सेगमेंट दाटीवाटीने बसलेले असतात, म्हणून तिथे लहानशी इजाही लघवीवरचा ताबा घालवते.

उतरत्या मार्गांत खरा मान कॉर्टिकोस्पायनल मार्गाचा, जो मेंदूकडून हालचालीचा हुकूम खाली नेतो. प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख तंतू. ते सगळे मोटर पट्टीतूनच (मेंदूच्या पृष्ठभागावरची हालचालीची पट्टी) निघतात असं नाही. पुढच्या प्रीमोटर भागातून आणि पॅरायटल लोबमधूनही बरेच येतात. बेट्झच्या मोठ्या पेशींचा वाटा त्यात तीनेक टक्केच. त्यांची वाट अशी: इंटर्नल कॅप्सूलची मागची भुजा, मध्यमेंदूतल्या क्रसचा (पुढचा जाड खांब) मधला भाग, मध्यमेंदू आणि लंबमज्जा यांच्यामधल्या पॉन्सचा पुढचा भाग, मग लंबमज्जेच्या पुढच्या बाजूचे पिरॅमिड. लंबमज्जा आणि मज्जारज्जू यांच्या सांध्यावर 75 ते 90 टक्के तंतू बाजू बदलतात आणि लॅटरल कॉर्टिकोस्पायनल मार्ग म्हणून खाली जातात. उरलेले त्याच बाजूने उतरून मुख्यतः धडाच्या स्नायूंना, बरेचसे दोन्ही बाजूंना, पुरवठा करतात. एका बाजूचा पक्षाघात झालेल्या माणसाला बसतं करता येतं, हात मात्र कामातून जातो, त्यामागे हे एक कारण आहे.

इजेच्या नेमक्या पातळीवर पुढच्या शृंगातली, स्नायूला थेट हुकूम देणारी पेशी किंवा मूळ मरतं: तो स्नायू सैल, बारीक, झटका गायब. त्याखालचं सगळं वरच्या नियंत्रणातून सुटतं: ताठरपणा, जोरदार झटके, तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून पुढे ओरखडा ओढल्यावर वर जाणारा अंगठा. हे लक्षण बाबिन्स्कीने 1896 मध्ये मांडलं. म्हणून जिथे झटका हरवला ती पातळी, आणि जिथून झटके वाढले तो भाग तिच्या खालचा. सी5-6 ला दाब असला की मनगटाजवळ रेडियसवर हातोडी मारल्यावर कोपर वाकत नाही, बोटं मात्र वाकतात. हे एकच चिन्ह नीट पाहिलं तर मानेतली जागा बोटावर दाखवता येते.

एक सावधगिरी. अचानक झालेल्या इजेत पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, पाय पूर्ण सैल असतात आणि झटके येत नाहीत. याला स्पायनल शॉक म्हणतात. झाडावरून पडलेल्या माणसाचे पाय सैल आहेत म्हणून ‘नसांचा आजार’ असा शिक्का मारू नका. टाचणीची रेषा आणि लघवी तुंबलेली आहे का ते पाहा.

बाकीचे उतरते मार्ग झटपट पाहू. रुब्रोस्पायनल मध्यमेंदूतच ओलांडतो आणि हाताच्या वाकवणाऱ्या स्नायूंना मदत करतो. माणसात त्याचं काम फार थोडं. लॅटरल व्हेस्टिब्युलोस्पायनल न ओलांडता पायाच्या ताणणाऱ्या स्नायूंना चेतवतो आणि आपल्याला उभं ठेवतो. रेटिक्युलोस्पायनलचे दोन भाग ताठरपणाचा तोल सांभाळतात. टेक्टोस्पायनल आवाजाच्या किंवा प्रकाशाच्या दिशेने मान वळवतो. यांतल्या एकेकट्या मार्गाची वेगळी तपासणी खाटेजवळ करता येत नाही.

आता सुरुवातीचा रुग्ण पुन्हा पाहा. समजा टी8 ला मज्जारज्जूची डावी अर्धी बाजू तुटली. कॉर्टिकोस्पायनल वरच ओलांडून आलेला, म्हणून डावा पाय अशक्त आणि पुढे ताठ. मागचा स्तंभ अजून ओलांडायचा आहे, म्हणून कंपन आणि स्थितीही डाव्या पायाचीच गेलेली. स्पायनोथॅलॅमिक खालीच ओलांडून डावीकडे आलेला, म्हणून उजव्या बाजूला साधारण टी10 पासून खाली वेदना-तापमान नाही. शिवाय डावीकडे टी8 ला सगळ्या जाणिवा गेलेला एक अरुंद पट्टा. ब्राउन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकात हेच दाखवलं. पुस्तकाइतकं स्वच्छ चित्र क्वचित मिळतं; बहुतेकदा एक बाजू जास्त, दुसरी कमी असं मिळतं. ज्या पायाची ताकद गेली त्याच पायाची टाचणीही गेली असेल आणि दुसरा पाय पूर्ण ठीक असेल, तर मज्जारज्जू सोडा. इजा मेंदूत किंवा मुळांत-नसांत शोधा.

बी12 च्या कमतरतेवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडच्या शाकाहारी घरांत, दूधही कमी घेणाऱ्या वयस्करांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असलेल्यांत हा आजार वारंवार सापडतो, आणि वेळेत पकडला तर उलटवता येतो. मागचा स्तंभ आणि लॅटरल कॉर्टिकोस्पायनल या दोघांचं मायलिन एकत्र खराब होतं. स्पायनोथॅलॅमिक बहुधा वाचतो. रुग्ण सांगतो: तळपायाखाली कापूस आहे असं वाटतं, अंधारात तोल जातो, तोंड धुताना डोळे मिटले की पुढे झोक जातो. जोडीला नसाही बिघडलेल्या असल्या तर घोट्याचा झटका गायब आणि अंगठा वर, अशी विसंगत वाटणारी जोडी मिळते. हिमोग्लोबिन अगदी नॉर्मल असू शकतं, त्यावर विसंबू नका. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जारज्जू बिघडत राहतो, हा जुना आणि अजूनही होणारा घात आहे. लक्षणं मज्जारज्जूची असतील तर गोळ्यांवर भागवू नये. 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड, मग हळूहळू अंतर वाढवत. सुधारणा महिन्यांनी मोजावी लागते, आणि उशीर जितका जास्त तितकं कमी परत मिळतं.

या रुग्णाची रॉम्बर्ग चाचणी लहान मेंदूकडे जायचा पूल आहे. पाय जुळवून उभं करा. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर पडतो, तर बिघाड स्थितीच्या जाणिवेत. डोळे उघडे असतानाच पाय फाकवून डगमगत असेल तर लहान मेंदूचा विचार करा. आणि पडणाऱ्याला झेलायला दोन्ही बाजूंना हात तयार ठेवूनच ही चाचणी घ्या.

लहान मेंदूचं वजन साधारण 150 ग्रॅम, पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्जांच्या आसपास एकट्या त्यात आहेत. त्याला स्नायूंची खबर दोन मुख्य वाटांनी मिळते. डॉर्सल स्पायनोसेरेबेलर मार्ग क्लार्कच्या स्तंभातून (मज्जारज्जूतला पेशींचा उभा पट्टा) निघून त्याच बाजूने इन्फीरियर पेडंकलमधून जातो. क्लार्कचा स्तंभ एल2-3 च्या खाली नसतो, म्हणून पायाचे तंतू आधी ग्रॅसाइल पट्ट्यातून वर चढून त्याला गाठतात. हाताची हीच खबर क्युनिओसेरेबेलर मार्ग देतो. व्हेंट्रल स्पायनोसेरेबेलर मज्जारज्जूत ओलांडतो, सुपीरियर पेडंकलमधून शिरतो आणि लहान मेंदूत पुन्हा ओलांडून मूळ बाजूला येतो. दोन वेळा ओलांडणं म्हणजे न ओलांडल्यासारखंच.

बाहेर जाणाऱ्या वाटेतही तेच घडतं, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. लहान मेंदूतल्या डाव्या डेंटेट केंद्रातून निघालेले तंतू सुपीरियर पेडंकलमधून मध्यमेंदूत येतात, इन्फीरियर कॉलिक्युलसच्या पातळीवर ओलांडतात, उजव्या थॅलॅमसच्या व्हीएल केंद्रातून उजव्या मोटर पट्टीत जातात. त्या पट्टीचा कॉर्टिकोस्पायनल मार्ग लंबमज्जेत पुन्हा ओलांडून डाव्या हाताला येतो. मोटर पट्टीकडून येणारी योजनेची प्रतही तशीच: उजवी पट्टी, उजवा पॉन्स, तिथून ओलांडून मिडल पेडंकलमधून डावा लहान मेंदू. म्हणून डावा लहान मेंदू, डावा हात. हा नियम काही ठिकाणी मोडतो: मध्यमेंदूत ओलांडल्यानंतर, तिथल्या रेड न्यूक्लियस या केंद्राच्या पातळीवर इजा झाली तर हात उलट बाजूचा चुकतो. पॉन्सच्या पुढच्या भागातल्या छोट्या स्ट्रोकमध्येही (मेंदूचा रक्तपुरवठा अडणं) अशक्तपणा आणि चुकणारा हात दोन्ही उलट बाजूला, एकत्र दिसू शकतात.

बोट-नाक चाचणी घेताना तुमचं बोट इतकं लांब धरा की रुग्णाचा हात पूर्ण ताणला जाईल. जवळ धरलं तर कंप दिसतच नाही, कारण तो लक्ष्याजवळ पोहोचताना वाढतो. त्याआधी ताकद तपासा; अशक्त हातही डगमगतो आणि त्याला उगाच लहान मेंदूचं लेबल लागतं. टाच नडगीवरून घासवताना ती सरळ रेषेत उतरते का ते पाहा, वेगाला महत्त्व देऊ नका.

हात-पाय लहान मेंदूच्या अर्धगोलांचे, धड मात्र त्यांच्या मधल्या पट्टीचं, म्हणजे व्हर्मिसचं. व्हर्मिसच्या इजेत खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या सगळ्या चाचण्या नॉर्मल येऊ शकतात. दारूच्या दीर्घ व्यसनात व्हर्मिसचा पुढचा-वरचा भाग झिजतो, म्हणून पाय फाकलेले, चाल बिघडलेली, पण हात आणि बोलणं बरंचसं ठीक असं चित्र दिसतं.

सगळे मार्ग एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर लंबमज्जेच्या बाहेरच्या भागाचा स्ट्रोक घ्या, ज्याला वॉलनबर्ग सिंड्रोम म्हणतात. डावीकडे झाला तर चेहऱ्याची वेदना डावीकडची जाते, अंगाची उजवीकडची, कारण स्पायनोथॅलॅमिक खालीच ओलांडून आला आहे. इन्फीरियर पेडंकल सापडतो म्हणून हात-पाय डावीकडचे चुकतात. डावी पापणी खाली, बाहुली लहान, गिळायला त्रास, आवाज घोगरा. पिरॅमिड पुढे आणि मीडियल लेम्निस्कस मध्यभागी असल्यामुळे ताकद आणि कंपन शाबूत. ताकद शाबूत असल्यामुळेच या रुग्णाला ‘चक्कर आहे, पित्त झालंय’ म्हणून परत पाठवलं जातं. सीटी स्कॅनमध्ये हा भाग हाडांच्या सावलीत नीट दिसत नाही. नॉर्मल सीटीने स्ट्रोक नाकारता येत नाही, डिफ्यूजन एमआरआय (ताजी इजा दाखवणारा एमआरआयचा प्रकार) हवा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा घोटही देऊ नका, तो सरळ फुप्फुसात जातो. लहान मेंदूचा मोठा भाग मेला असेल तर पुढचे तीन-चार दिवस सूज वाढते, त्याच्या पुढची चौथं व्हेंट्रिकल ही पोकळी दबून मेंदूतलं पाणी अडतं आणि बोलता-चालता रुग्ण काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. त्या दिवसांत गुंगी वाढते आहे का हे तासातासाला पाहावं लागतं आणि न्यूरोसर्जन हाताशी लागतो. आणि उलट्या-चक्कर असलेल्या कोणालाही, हात-पाय कितीही जोरात हलत असले तरी, खाटेवरून उतरवून चार पावलं चालवून पाहिल्याशिवाय घरी सोडू नये.